नियम बदलण्याचा नियम

गेल्या पावसाळ्यांत एके रविवारीं बेलापूर येथील आमच्या घरीं चार मुलें एक नवाच खेळ मांडून बसलीं होतीं. पट नाहीं, सोंगट्या नाहींत. एक फांसा, एक वही आणि पेन्सिल एवढेंच साहित्य. वहींत आरंभींचे नियम उतरून घेतलेले होते. ज्याची पाळी येईल त्यानें एखादा नवा नियम सुचवावा, जुना बदलावा किंवा रद्द करावा. साऱ्यांनीं मत द्यावें. आणि सूचना संमत झाली कीं पुढील डाव त्या नव्या नियमानें चालावा. दोन फेऱ्या मोठ्या खेळीमेळीनें पार पडल्या. तिसऱ्या फेरींत एका मुलीनें सूचना मांडली, "यापुढें फक्त माझेंच मत मोजावें." थट्टेच्या भरांत आणखी दोघांनीं हात वर केले आणि बहुमतानें तो नियम वहींत गेला. पुढच्या मुलानें आपल्या पाळीस तो रद्द करण्याची सूचना केली. तिनें शांतपणें "नाहीं" म्हटलें, आणि मोजावयाचें मत तेवढेंच असल्यानें सूचना फेटाळली गेली. थोरला म्हणाला, "तो नियम आमच्या मतांनीं झाला, मग तो आमचींच मतें कशीं काढून घेईल?" ती म्हणाली, "तुम्हीच दिलींत ना?" दोघांचेंहि म्हणणें खोडून काढतां येईना. अखेर धाकटा कुरकुरला, "मग आम्ही इथें बसायचें तरी कशाला?"

हा प्रश्न पोरसवदा नाहीं. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यावर एका प्रकरणांत अडुसष्ट दिवस युक्तिवाद ऐकला, आणि त्याचा निकाल लागावयास १९५१ पासून १९८० पर्यंतचीं एकोणतीस वर्षें गेलीं. त्या इतिहासांत महाराष्ट्राच्या माणसांचा वांटा मोठा आहे व तो दोन्ही बाजूंनीं आहे. म्हणून तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकेंतील अर्लहॅम कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकविणारे पीटर सूबर यांनीं १९८२ सालीं तो रचला व त्यास 'नॉमिक' असें नांव दिलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत डग्लस हॉफस्टॅटर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतील आपल्या सदरांतून तो वाचकांपुढें आणला. आरंभीं त्यांत एकोणतीस नियम असतात. पैकीं सोळा अचल व तेरा चल. चल नियम आरंभीं एकमतानें व पुढें बहुमतानें बदलतो; अचल नियमास हात लावावयाचा तर आधीं सर्वांच्या एकमतानें त्यास चल करून घ्यावें लागतें. प्रत्येक खेळाडूस मत आहे, हा नियम अचलांपैकीं आहे. आमच्या मुलांनीं वही भरतांना ही चल-अचलाची वांटणीच गाळली होती, म्हणून त्यांचा डाव इतक्या लौकर अडला. परंतु वांटणी ठेवूनहि पेंच संपत नाहीं, कारण आज अचल असलेला नियम उद्यां चल करतां येतो. सूबर यांस हें पुरें ठाऊक होतें. तो पेंच दाखविण्यासाठींच त्यांनीं खेळ रचला होता. म्हणून त्यांनीं वाद मिटविण्यास एक न्यायाधीश नेमून दिला, आणि शेवटच्या नियमांत सांगून ठेवलें कीं, नियम बदलतां बदलतां खेळ पुढें चालणेंच अशक्य झालें, किंवा एखादी खेळी सारखीच वैध व अवैध ठरूं लागली, तर जो पहिला खेळाडू त्यामुळें आपली पाळी पुरी करूं शकणार नाहीं तो विजयी! म्हणजे या खेळांत पेंचास बक्षीस आहे. खेळांत हें गमतीचें आहे. राज्य चालवितांना असें बक्षीस ठेवलें तर काय होईल, हा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न पंडितांस पूर्वींच पडला होता. डेन्मार्कचे विधिशास्त्रज्ञ आल्फ रॉस यांनीं १९६९ सालीं असें प्रतिपादिलें कीं, घटना बदलण्याची रीत सांगणारें कलम त्याच कलमाच्या आधारें बदलणें तर्कदृष्ट्या अशक्य आहे. ज्या आधारावर उभें राहून निष्कर्ष काढावयाचा, त्या आधारासच तो निष्कर्ष खोटें ठरवितो. आपल्याकडील आजीबाईंनीं हीच गोष्ट भस्मासुराच्या नांवानें सांगितली आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म होवो, असा वर त्यास मिळाला आणि तो प्रथम वर देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवावयास धांवला. वर खरा, देणारा खरा; तरी त्या वरांत हें धांवणें बसतें कीं नाहीं? आपल्या घटनेच्या ३६८ व्या कलमापुढें उभा राहिलेला प्रश्न याहून निराळा नव्हता.

तें कलम घटनासमितीपुढें ता. १७ सप्टेंबर १९४९ रोजीं चर्चेस आलें. डॉ. आंबेडकरांनीं त्या चर्चेंत कलमांचे तीन वर्ग करून दाखविले: कांहीं साध्या बहुमतानें बदलणारीं, कांहीं दोन-तृतीयांश मतांनीं, आणि कांहीं, दोन-तृतीयांश मतांखेरीज निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीहि संमति ज्यांस लागते अशीं. या तिसऱ्या वर्गांत खुद्द ३६८ वें कलमहि घातलेलें होतें. म्हणजे नियम बदलण्याचा नियमहि बदलतां येईल, फक्त अधिक कष्टानें, हें घटनाकारांनीं समजून उमजून लिहिलें. मात्र कांहीं अचल असावें काय? अमरावतीकडील डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं त्याच प्रसंगीं एक नवें कलम सुचविलें होतें: मालमत्तेचे म्हणा वा इतर, व्यक्तीच्या हक्कांचा संकोच करणारी कोणतीहि दुरुस्ती ग्राह्य धरूं नये. तें स्वीकारलें गेलें नाहीं. आपल्या घटनेच्या वहींत अशा रीतीनें 'अचल' या मथळ्याखालीं एकहि ओळ लिहिली गेली नाहीं.

पेंच पडावयास दोन वर्षेंहि लागलीं नाहींत. जमीनदारी नष्ट करणारे कायदे न्यायालयांत अडूं लागले, तेव्हां १९५१ च्या जून महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती झाली आणि तिनें त्या कायद्यांस संरक्षण दिलें. जमीनदारांनीं हरकत घेतली. तेराव्या कलमांत म्हटलें होतें कीं, मूलभूत हक्क हिरावून घेणारा कोणताहि कायदा राज्यानें करूं नये. मग घटनादुरुस्ती हाहि कायदाच नव्हे काय? शंकरीप्रसाद प्रकरणांत पांच न्यायाधीशांनीं त्याच वर्षीं एकमुखानें 'नव्हे' असें उत्तर दिलें. पुढें सज्जनसिंग प्रकरणांत तोच प्रश्न पुन्हां आला. ता. ३० ऑक्टोबर १९६४ रोजीं सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनीं जुनें उत्तर कायम केलें. हे मूळचे सातारचे. परंतु त्याच पीठावर बसलेले न्यायमूर्ति ज. र. मुधोळकर यांनीं निकाल मान्य करूनहि एक शंका नोंदवून ठेवली: घटनेच्या एखाद्या मूळ लक्षणास बदलून टाकणें यास दुरुस्ती म्हणावयाचें, कीं घटनेचा तेवढा भाग नव्यानें लिहिणें म्हणावयाचें? ही शंका त्यांस पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ सालच्या एका निकालावरून सुचली होती. तिच्यावर त्या वेळीं कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. पण पुढील साऱ्या इतिहासाचें बीज तींत होतें.

ता. २७ फेब्रुवारी १९६७ रोजीं गोलकनाथ प्रकरणांत न्यायालयानें आपलें मत फिरविलें. अकरांपैकीं सहा न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, दुरुस्ती हाहि कायदाच, म्हणून मूलभूत हक्कांस संसदेनें यापुढें हात लावतां कामा नये. मात्र मागें झालेल्या दुरुस्त्या तशाच राहतील. हा निकाल ज्यांस सर्वांत अधिक झोंबला त्यांत कोंकणचे बॅरिस्टर नाथ पै होते. वेंगुर्ल्यास जन्मलेले व राजापूर मतदारसंघाचे हे समाजवादी खासदार नागरिकांच्या हक्कांस कमी जपणारे होते असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु गोलकनाथ कुटुंबाची तक्रार शेंकडों एकर जमिनीची होती. कसणाऱ्याच्या हातीं जमीन द्यावयाची तर लोकांनीं निवडलेल्या संसदेचे हात बांधतां येणार नाहींत, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनीं १९६७ सालींच लोकसभेंत एक खाजगी विधेयक आणलें: संसदेस घटनेचें कोणतेंहि कलम बदलण्याचा अधिकार आहे, असें ३६८ व्या कलमांतच स्पष्ट लिहावें. येथें रॉस यांचा पेंच उघडा होऊन पुढें आला. त्या कलमांत तो अधिकार नसेल, तर त्याच कलमाच्या जोरावर तो त्यांत घालतां येईल कसा? आणि असेलच, तर घालण्याची गरज ती काय? विधेयक संमत होण्यापूर्वींच ती लोकसभा विसर्जित झाली. आणि १९७१ च्या जानेवारींत नाथ पै वारले.

त्यांचें काम त्याच वर्षीं सरकारनें केलें. कायदेमंत्री होते ह. रा. गोखले, पूर्वींचे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश. चोविसाव्या दुरुस्तीनें ३६८ व्या कलमाचा मथळाच बदलला. पूर्वीं तेथें दुरुस्तीची रीत एवढेंच होतें, आतां दुरुस्तीचा अधिकार व रीत असें झालें. राष्ट्रपतींनीं संमति दिलीच पाहिजे असें ठरलें, आणि तेरावें कलम दुरुस्तीस लागूं नाहीं असें दोन ठिकाणीं लिहिलें गेलें. पाठोपाठ पंचविसाव्या दुरुस्तीनें मालमत्तेच्या कलमांतील 'भरपाई' हा शब्द काढून त्या जागीं 'रक्कम' हा शब्द बसविला.

या दुरुस्त्यांची कसोटी लागली ती केरळांतील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांच्या अर्जावर. सुनावणी ता. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झाली, तेरा न्यायाधीशांपुढें. एवढें मोठें पीठ त्यापूर्वीं बसलें नव्हतें व पुढेंहि कोणत्या प्रकरणाचा निकाल देण्यास बसलेलें नाहीं. गंमत अशी कीं दोन्ही बाजूंचे प्रमुख वकील मुंबईचेच व दोघेहि पारशी: अर्जदारांतर्फे नानी पालखीवाला, व केरळ सरकारतर्फे महाराष्ट्राचे अ‍ॅडव्होकेट जनरल होरमसजी सीरवाई. ता. २४ एप्रिल १९७३ रोजीं निकाल लागला. सात विरुद्ध सहा अशा मतांनीं ठरलें कीं, गोलकनाथचा निकाल चुकीचा. संसद कोणतेंहि कलम बदलूं शकते. परंतु 'दुरुस्ती' या शब्दांत घटनेची मूळ चौकट मोडणें येत नाहीं. मोडकें घर दुरुस्त करावयास गवंडी बोलाविला, तर त्यानें भिंत पाडावी, नवी खिडकी काढावी. घरच जमीनदोस्त करून त्या जागीं दुसरें उभारलें, तर त्यास दुरुस्ती म्हणतां येणार नाहीं. मुधोळकरांची नऊ वर्षांपूर्वींची शंका आतां कायदा झाली होती. अल्पमतांत राहिलेल्या सहांत दोघे मराठी होते: दे. ग. पालेकर आणि पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. संसदेच्या अधिकारास अशी मर्यादा नाहीं, असें दोघांचें मत पडलें. तथापि निकालाचा सारांश म्हणून जो कागद तयार झाला, त्यावर सही करणाऱ्या नऊ न्यायाधीशांत हे दोघेहि होते.

सूबर यांच्या खेळांत न्यायाधीशाचा निर्णय फिरवावयाचा तर इतर सर्व खेळाडूंचें एकमत लागतें. प्रत्यक्षांत याहून सोपा मार्ग सांपडतो. तो म्हणजे न्यायाधीशाची खुर्ची हलविणें. निकालानंतर लगेच, सरकारविरुद्ध मत दिलेल्या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांस डावलून अल्पमतांतील न्यायमूर्ति राय यांस सरन्यायाधीश नेमण्यांत आलें. जून १९७५ मध्यें आणीबाणी आली. ऑगस्टमध्यें एकोणचाळिसाव्या दुरुस्तीनें पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेला, आणि तोहि चालू खटल्याच्या मध्येंच. त्या खटल्याचा निकाल ता. ७ नोव्हेंबर १९७५ रोजीं लागला. इंदिरा गांधींची निवडणूक वैध ठरली, पण वाद बाहेर नेणारें तें उपकलम रद्द झालें. आणि मूळ चौकटीच्या आधारें तें रद्द करणाऱ्यांत चंद्रचूड होते. दोन वर्षांपूर्वीं ज्या सिद्धांताविरुद्ध त्यांनीं मत दिलें होतें, तोच आतां ते चालवीत होते. यास कोणी मतांतर म्हणेल. आमच्या मतें त्यांत मतांतरापेक्षां मोठी गोष्ट आहे: डाव हरलेल्या खेळाडूनें, जिंकलेल्या पक्षाचा नियम आतां आपलाहि नियम आहे असें समजून खेळणें. मात्र याच न्यायमूर्तींनीं १९७६ सालीं, स्थानबद्धांस हायकोर्टाकडे दाद मागतां येणार नाहीं असें म्हणणाऱ्या बहुमतास आपलें मत दिलें, हेंहि इतिहासानें विसरूं नये. न्यायाधीश हा देव नव्हे. तोहि पटावरचाच एक खेळाडू आहे.

१९७६ च्या अखेरीस बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तिला संमति देणाऱ्या लोकसभेनें आपलीच मुदत आधीं वाढवून घेतलेली होती. या दुरुस्तीनें ३६८ व्या कलमास दोन नवीं उपकलमें जोडलीं: कोणत्याहि घटनादुरुस्तीवर कोणत्याहि न्यायालयांत आक्षेप घेतां येणार नाहीं, आणि, संशय उरूं नये म्हणून जाहीर करण्यांत येतें कीं, दुरुस्तीच्या अधिकारास कसलीहि मर्यादा नाहीं. आमच्या बेलापूरच्या मुलीच्या नियमाचें हें राजपत्रांत छापलेलें रूप होय. कुंपणानें शेत खाण्याची मुभा कुंपणानेंच कुंपणास दिली.

१९७७ च्या निवडणुकींत तें सरकार पडलें, तरी हीं उपकलमें राहिलींच. पुढच्या सरकारनें, मूळ चौकटीसंबंधींचे कांहीं बदल करावयाचे तर जनतेचा कौल घ्यावा अशी तरतूद विधेयकांत घातली होती. ती राज्यसभेनें मान्य केली नाहीं. अखेर १९८० सालीं मिनर्व्हा मिल्स प्रकरणांत प्रश्न न्यायालयापुढें आला. पालखीवाला पुन्हां उभे राहिले. सरन्यायाधीशाच्या आसनावर आतां चंद्रचूड होते. निकालाचा गाभा थोडक्यांत असा: घटनेनें संसदेस मर्यादित अधिकार दिला आहे, ज्यास मर्यादित अधिकार मिळाला, त्यानें तोच अधिकार वापरून त्यास अमर्याद करून घेतां येत नाहीं, आणि अधिकार मर्यादित असणें हेंच मूळ चौकटीचें एक अंग आहे. दोन्ही उपकलमें रद्द झालीं. थोरल्या मुलाच्या तोंडीं जो प्रश्न होता, त्याचें हें उत्तर. भस्मासुरास मिळालेल्या वरांत वर देणाऱ्याचें मस्तक येत नाहीं.

यानें पेंच समूळ सुटला काय? तसें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. मूळ चौकटीची यादी घटनेंत कोठेंहि लिहिलेली नाहीं. ती न्यायालयानें वेळोवेळीं सांगितली आहे. म्हणजे अचल नियम कोणते हें ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशानें आपणांकडे घेतला, आणि त्यास तो कोणी दिला हा प्रश्न सीरवाईंसारख्या थोर कायदेपंडितानेंहि केशवानंद प्रकरणांत जोरानें विचारला होता. घटनेची छापील प्रत आजहि उघडून पाहिली, तर तीं दोन उपकलमें जागच्या जागीं दिसतात. खालीं बारीक टाइपांत टीप असते कीं तीं रद्द ठरलीं आहेत. संसदेनें तीं पुसलीं नाहींत, न्यायालय तीं मानीत नाहीं. तर्कशास्त्र्यास हा डाव अडलेलाच वाटेल. परंतु देश त्यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला आहे. फरक इतकाच कीं, सूबर यांच्या खेळांत पेंचामुळें अडलेल्यास विजय मिळतो, आणि आमच्या घटनेंत तो पेंच उभा करून कोणासहि डाव जिंकतां आला नाहीं.

पण या गोष्टीस आणखी एक बाजू आहे आणि ती आम्हां नवी मुंबईकरांच्या दाराशींच आहे. गोलकनाथ आणि केशवानंद यांच्या अर्जांत वाद होता जमिनीचा, आणि हक्क सांगणारे होते मोठे धारक. ज्या वर्षीं स्वामींनीं अर्ज केला त्याच १९७० सालीं येथें सिडकोची स्थापना झाली व ठाणें, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं संपादण्यास आरंभ झाला. हे आगरी-कोळी शेतकरी व मिठागरवाले थोडक्या जमिनीचे धनी. 'भरपाई' कीं 'रक्कम' हा वाद दिल्लींत रंगला असतां त्यांच्या बाजूनें बोलावयास पालखीवाला आले नाहींत. त्यांच्या जमिनी गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें. तो नियम बदलावा म्हणून त्यांस दि. बा. पाटलांच्या मागून रस्त्यावर यावें लागलें. १९८४ च्या जानेवारींत जासई परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. आणि त्यानंतर १९९० सालीं, संपादिलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. नियम बदलण्याचा नियम कितीहि चोख लिहिला, तरी ज्यास पटाजवळ बसूंच दिलें नाहीं त्यास त्याचा उपयोग नाहीं. नाथ पैंची तळमळ याच जातीची होती, आणि ती चुकीची नव्हती. कसणाऱ्याच्या कळकळीनें मागितलेला अमर्याद अधिकार पुढें कोणाच्या हातीं पडला व कशासाठीं वापरला गेला, हें पाहण्यास ते राहिले नाहींत एवढेंच.

त्या रविवारच्या डावाचा शेवट सांगावयाचा राहिला. धाकटा उठून गेला, त्याच्यामागून दुसरा गेला. ती मुलगी वही पुढें घेऊन थोडा वेळ एकटीच बसली. मग म्हणाली, "माझेंच मत मोजायचें ना? मग मी तो नियम रद्द करतें," आणि आपल्या एका मतानें तिनें सर्वांचीं मतें सर्वांस परत दिलीं. मुलें पुन्हां येऊन बसलीं. मात्र थोरल्यानें खेळ सुरू करण्यापूर्वीं पेन्सिल मागून घेतली आणि वहीच्या पहिल्या पानावर, गाळलेला तो नियम प्रथम लिहून काढला.